साडेतेरा मिलिमीटर

शौकत परकार उकिडवा बसून
मडगार्डखाली हात घालतो.
दोन बोटं जातात, तिसरं अडतं.
"एकशे पंच्याण्णव टाकलात
तर पुरतं वळवल्यावर घासणार, मॅडम."

रविवारी कातळावर अठ्ठावीस शंकू,
जांभ्याची धूळ, स्टॉपवॉच धरून पाथरे.
मागच्या खेपेला चौदाव्याशी
टायर बाजूला दुमडला,
शंकू आडवा, दोन सेकंद दंड.

सोमवारी तीच गाडी
परशुराम घाट चढते, लोट्याला,
लॅबचा कोट, डबा,
येताना पायाशी ओली पिशवी, सुरमईची.

पंधराची रिम, पन्नासची भिंत:
चाकाची उंची जवळपास तीच, मीटर खोटं बोलत नाही.
रबराची भिंत तेवढी
साडेतेरा मिलिमीटर बुटकी.
माझी करंगळी एवढीच जाड.
एवढ्यातच मावतो
घाटातला एक खड्डा
आणि रविवारचा सव्वा सेकंद.

चहा येतो. शौकत काही सुचवत नाही,
जुन्या टायरच्या झिजलेल्या कडेवरून
नुसता अंगठा फिरवतो.

"चौदाच," मी म्हणते. "साठचेच.
पुढच्या दोघांत हवा थोडी जास्त.
आणि तो पंधराचा सेट
लगेच विकू नका."