चढावर किती, उतारावर किती

शोरूममधल्या अभिनंदन मगदूमनं दोन चाव्या समोर ठेवल्या,
म्हणाला, ताई, मन कुठं ओढतंय?
म्हटलं, मन राहू दे, मला रोज गगनबावडा ओढतो.
पंचावन्न किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे,
मागच्या सीटवर बर्फाच्या डब्यात
कळ्याचं, साळवणचं, असळजचं रक्त,
उपाशीपोटीचं, जेवणानंतरचं,
अकराच्या आत राजारामपुरीत मशीनला लागलं पाहिजे.

आप्पांना बरोबर घेतलं होतं.
उद्यमनगरात एकतीस वर्षं ऑइल इंजिनं जुळवलेला माणूस,
रस्त्यानं जाणाऱ्या टेम्पोचा कुठला व्हॉल्व्ह वाजतोय
ते बशीतला चहा न सांडता सांगणारा.
त्यांनी काचेवरचा शब्द वाचला, हायब्रीड,
आणि तोंड वाकडं केलं.
म्हणजे त्या ज्वारीगत.
पोती भरत्यात, भाकरीला चव न्हाई.

पहिली गाडी जोमाची.
बालिंग्याच्या पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या,
मागची अर्ध्या रस्त्यावर कललेली.
पाय नुसता टेकवला
आणि ट्रॉल्या, ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवरचा कर्णा
सगळं आरशात जाऊन बसलं.
आप्पा सरसावले. हां, आता बोलली!
मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू.
चाळिशीनंतर असं पाठीला कुणी ढकललं नव्हतं.

पण डब्यात मी सहा नळ्या आणल्या होत्या,
कोकमाचं पाणी भरून.
कळ्याला उघडून बघितलं तर चारांवर फेस.
रक्त असतं तर फुटलं असतं,
आणि साळवणच्या एखाद्या धडधाकट म्हातारीचं
पोटॅशियम खोटंच वर गेलं असतं.

दुसरी दुसऱ्या दिवशी.
रंकाळ्याच्या सिग्नलला तिचा आवाजच गेला.
बंद पडली, आप्पा म्हणाले, आणि ढकलायला
दार उघडून एक पाय खाली ठेवलासुद्धा.
मागचे हॉर्न वाजवताहेत, दिवा हिरवा,
आणि गाडी काही न बोलता निघाली,
आप्पांची एक चप्पल फुलेवाडीच्या दिशेनं बघत रस्त्यात.

त्याच ट्रॉल्या, नाहीतर त्यांच्या भावकीतल्या.
पाय दाबला, गाडीनं विचार केला.
परत दाबला, परत विचार.
अकरा मिनिटं आम्ही उसामागं. वरून चिपाडं पडत होती.
आप्पा काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

गगनबाव्ड्याच्या पुढं घाटात चार वळणं उतरलो,
परत फिरायला जागा मिळेपर्यंत.
पडद्यावरचा काटा उलटा सरकायला लागला.
ह्ये काय?
भरतेय आप्पा. उतारावर कमावते.
त्यांनी चष्मा पुसला, परत बघितलं.
कान दाराला लावला, तिथं ऐकण्यासारखं काहीच नव्हतं.
आमच्या इंजिनानं, म्हणाले, नुसतं खाल्लं.
एवढे उतार उतरलो की गं.
सगळे फुकट गेले.

फुलेवाडीच्या पंपावर टाकी कटकट होईपर्यंत भरली,
कागदावरचे अठ्ठावीस नव्हेत, तेवीस पूर्णांक चार.
जोमाचीचे एकोणीस पूर्णांक एक.
लॅबच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर हिशेब मांडला:
महिन्याला अठ्ठावीस लिटर वाचतात,
गाडी दीड लाखानं महाग,
म्हणजे फरक फिटायला चार वर्षं चार महिने.
आप्पांनी कागद हातात घेतला.
तवा मी ब्याऐंशीचा, म्हणाले,
आणि आकडा बरोबर आहे का ते परत एकदा तपासला.

कोकमाच्या नळ्या जशा भरल्या तशाच होत्या.

मगदूमला चेक दिला.
रात्री गजर अकरा मिनिटं मागं घेतला, ट्रॉल्यांसाठी.
आतल्या खोलीतून आवाज आला,
एवढ्या पहाटं तुला चहा कोण ठेवणार?
मग भांडी हलवल्याचा आवाज,
आणि, कोण म्हणजे, मीच की.