उरलेल्या सगळ्यांना नाही

बँकेच्या सदतीस स्विचवर
वापरकर्त्यांचं पेव फुटलं होतं.
अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन-दोन, टेस्ट, टेस्ट-नवीन,
कुणी एक 'गणपतीसुट्टी',
आणि मिरज सोडून कधीच पुण्याला गेलेल्या
ठेकेदाराच्या भाच्याचं नाव.
सगळ्यांना स्तर पंधरा.
म्हणजे सगळं.

मी एकेक काढत गेले.

विश्रामबाग शाखेचे डुबल साहेब
चहा मागवून म्हणाले,
"मॅनेजर मी, आणि माझ्याच शाखेच्या डब्यात
मला हात घालता येऊ नये?"
म्हटलं, बघता येईल साहेब. बदलता येणार नाही.
कुठली तार मेली, कुठला दिवा हिरवा, सगळं दिसेल.
चहावर साय धरेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.
नुसतं बघायची परवानगी
माणसाला किती लहान करते, ते मला दिसलं.
तरी मी ती वाढवली नाही.

माझे वडील, बाळगोंडा आवटी,
हरिपूरला हळदीची पेवं उघडायचे.
तोंडावरची माती सारून
आधी ते नुसतं उघडं ठेवायचं.
मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा.
विझला, तर कुणी उतरायचं नाही,
माल ज्याचा असेल त्यानंही नाही.
"आत मालकी चालत न्हाई," ते म्हणायचे,
"हवा चालती."

अ‍ॅक्सेस लिस्टच्या तळाशी
एक ओळ असते, कुणीच न लिहिलेली:
उरलेल्या सगळ्यांना नाही.
शनिवारी रात्री साडेदहाला
मी हरिपूर शाखेची यादी चढवली
आणि त्या उरलेल्या सगळ्यांत
मीच निघाले.
यादी बसली भलत्याच दारावर.
पडदा गोठला. कर्सर लुकलुकायचा थांबला.
सदतिसातला एक डबा
माझ्याशी बोलेनासा झाला.

निळी कन्सोल केबल डिकीत टाकून
स्कूटी काढली. रस्त्यावर कुत्री, आणि नदीचा ओला वास.
वॉचमन इनामदारांनी शटर वर केलं.
डब्यानं विचारलं, कोण?
मी नाव सांगितलं.
तो म्हणाला, थांब, सर्व्हरला विचारतो.
सर्व्हर तर मीच बाहेर ठेवलेला.
आता त्याच्या स्वतःच्या आठवणीत होतं ते एकच नाव,
माझ्याच्यानं शेवटपर्यंत काढवलं नव्हतं ते:
तवनाप्पा.

तवनाप्पा मगदूम. तीन वर्षं झाली निवृत्त होऊन.
महापुरात हेच कपाट
डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेलेले.
फोन दुसऱ्या रिंगला उचलला.
मी सगळं भडाभडा सांगितलं.
ते आधी एवढंच बोलले,
"शेजारी कोण हाय?"
"इनामदार."
"त्याला जरा लांब जाऊ दे."

मग सांगितलं.
तो शब्द इथे लिहीत नाही.
पुराचं पाणी ज्या पायरीशी थांबलं
ती पायरी त्यात होती, एवढंच.

डबा उघडला. यादी दारावरून उतरवली,
दुरुस्त केली, योग्य दाराला लावली.
"हुतंय का?"
"होतंय, अप्पा."
"मग आता माझं नाव काढ."
"सोमवारी काढते."
"आत्ता. फोन चालू ऱ्हाऊ दे."

त्यांच्या घरात पंखा फिरत होता,
त्याची कटकट ऐकू येत होती.
मी नावाआधी 'नो' लिहिलं.
डब्यानं विचारलं, खात्री आहे?
खरं तर नव्हती.
एंटर दाबलं.

"झालं?"
"झालं."
"आता मी आलो तर?"
"नाही म्हणेल."
"ब्येस," म्हणाले, आणि खोकले,
आणि विचारलं,
जेवलीस का.