एक मूठ जास्ती

टेम्पोतून सामान उतरत होतं तेव्हा
समोरच्या ओट्यावरून पहिला प्रश्न आला :
कथाईन उनात?
मी म्हणालो, गुहागरहून.
ओट्यानं मान हलवली.
म्हणजे आम्ही फार लांबून
आणि बहुतेक चुकून आलो होतो.

वृंदाला गुरांच्या दवाखान्यात खुर्ची होती.
तिची ओळख दोन दिवसांत झाली;
अडलेली म्हैस मोकळी केली की
कुणी गाव विचारत नाही.
माझं तसं नव्हतं. मी घरी बसून
परक्या दुकानांच्या बेरजा करणारा,
भर दुपारी दोरीवर
बायकोचे कपडे वाळत घालणारा माणूस.
जाणारे येणारे थांबून बघत,
मग उन्हाबद्दल बोलत.

ऊनही बोलण्यासारखंच.
मे महिन्यात नळाला
चहापुरतं तापलेलं पाणी येतं,
येतं तेव्हा.
आठव्या दिवशी, रात्री कधीतरी.
पहिले तीन वेळा आम्हाला
दुसऱ्यांची ओली अंगणं बघून कळलं
की ते येऊन गेलं.

सुकटीची पिशवी आम्ही
डब्यात डबा घालून माळ्यावर लपवली होती.
वृंदा अंधारात विचारायची,
जमेल ना इथे?
मी पंख्याकडे बघून हो म्हणायचो.

ओट्यावरच्या भुराबाईंनी तर सांगूनच टाकलं :
दोन वरीसमा बदली व्हई, निंघी जाशात.
त्यात राग नव्हता.
दोंडाईच्याची एसटी किती वाजता आहे
हे सांगावं, तसा आवाज.

शाळेत शलाका जून-जुलै गप्प होती.
एक दिवस दप्तर न काढताच म्हणाली,
बाबा, एका कान्याचा फरक आहे.
निहार आंडोर. मी आंडेर.
जेवतानाही ते दोन शब्द
ती जिभेवर आलटून पालटून ठेवत राहिली,
दुधाचा दात हलवावा तशी.

श्रावणात भुराबाईंकडे कानबाई बसली.
घरातल्या पुरुषागणिक सव्वा मूठ गहू मोजून
त्याचे रोट.
रोट भाऊबंदांनीच खायचे.
आम्हाला खीर आली, अळूची भाजी आली,
ताट वरून झाकलेलं,
आणि ताट आणणारी सून उंबऱ्याबाहेरच म्हणाली,
रोट नई देतस बरं, राग नका मानू.
आम्ही कशाला मानू?
पण त्या रात्री ताट घासताना
मी ते जरा जास्तच घासलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत गलका.
चार वर्षांचा निहार
त्यांच्या नातवंडांच्या पंगतीत जाऊन बसलेला,
अर्धा रोट पोटात, अर्धा हातात.
कुणी कपाळाला हात लावला,
कुणी म्हणालं पोर आहे,
कुणी जुन्या माणसांची नावं घेतली.
वृंदा दवाखान्यातून तशीच धावत आली,
कोपरापर्यंत शेणाचा वास.
मी माफी मागायला लागलो
तर माझं मराठी मलाच पुस्तकी वाटायला लागलं.

भुराबाईंनी त्याचं तोंड उघडून पाहिलं,
जसं काही रोट परत मिळणार होता.
खादा ते खादा, म्हणाल्या.
आते आम्हना शे तो.
येता वरीसले एक मूठ जास्ती मोजा.

लोक हसले. सुटलो, असं मला वाटलं.
तेवढ्यात शलाका पुढे झाली,
आनि मन्ही मूठ?

गल्ली पुन्हा हसली, या वेळी
तिच्या बोलीला.
भुराबाई हसल्या नाहीत.
पदरानं हात पुसत राहिल्या,
हात कोरडे होते तरी.

त्यानंतर चौथ्या रात्री, दोन वाजता,
कुणीतरी आमच्या दारावर लाथ मारली :
उठा वं! पानी उनं!
आम्ही पिंप, बादल्या, कुकरसुद्धा घेऊन धावलो.
वृंदा झोपेतच हसत होती.
निहार झोपलेला, गावचा झालेला.
शलाका पाइप धरून उभी,
तोंड समोरच्या ओट्याकडे.
तिथे काळोखात कुणीतरी बसलं होतं.

मी पिंपं मोजली. सहा.
आठ दिवस पुरतील का, ते ठरेना.