कोंबडं झाकून पाहिलं

मुथाशेठ म्हणाले, साडेसात.
एक रुपया टाकला की साडेसात परत, असं तुमचा पडदा म्हणतो.
मग मॅडम, माझ्या गल्ल्यात ते दिसत का नाहीत?

रविवार पेठेत, दोर धरून चढावं लागतं अशा जिन्यावर
त्यांचं घरघंट्यांचं दुकान.
काउंटरवर लाल कापडातली वही,
तिच्यात एक रकाना: कुठून कळलं?
जयवंत प्रत्येकाला विचारतो आणि सांगतील ते लिहितो.
नणंदेकडे आहे.
असंच.
इथून जात होतो.
मोबाइलवर सारखी येते हो तुमची, वीट आला, म्हणून आलो.

मी बाणेरला सातव्या मजल्यावर बसून
हीच वही ठेवते, फक्त माझी कोणाला विचारत नाही.
ज्याच्या अंगठ्याखालून जाहिरात गेली
आणि ज्याने पुढे कधी घंटी घेतली,
तो आमचा.
कर्वेनगरच्या बाई, दुकानाचं नाव ज्यांनी स्वतःच टाइप केलं,
त्याही आमच्याच.
म्हणजे जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहायचं,
धापा टाकत आलेल्याला म्हणायचं, या, दुकान इकडे आहे,
आणि दर माणशी शेठकडून अकरा रुपये घ्यायचे.
कावळा बसतो, फांदी मोडते,
कावळ्याच्या नावाने आम्ही बिल लावतो.

तर म्हटलं, झाकूनच पाहू.
शहराचे चोवीस पिनकोड चिठ्ठ्यांवर लिहिले,
दहाचं नाणं उडवलं.
कोथरूड चालू. हडपसर बंद. धायरी बंद. औंध चालू.
सहा आठवडे अर्ध्या पुण्यात कोंबडं टोपलीखाली.

पहिल्या सोमवारी सहाला उठून आकडे उघडले,
उजाडतंय का ते बघायला.

उजाडलं.
हडपसरला चौदा घंट्या गेल्या. एरवी पंधरा जायच्या.
पण धायरीत नेमका रस्ता खोदला, टेम्पो आत जाईना,
पण दिवाळी तोंडावर, भाजणीचे दिवस,
पण कोथरूडात दुसऱ्या कुणी त्याच घंट्या हप्त्यावर काढल्या,
आणि माझ्या गणिताला हप्त्यांचं काही माहीत नव्हतं.
शेवटी जो पट्टा हाती आला
तो उणे तीन टक्क्यांपासून अधिक नऊपर्यंत,
त्यात एका बाजूला शून्य,
मांडी घालून निवांत बसलेलं.

शेठना सांगितलं, परिणाम असेल. नसेलही.
असलाच तर साडेसात नक्की नाही.
ते बराच वेळ वहीचं कापड झटकत राहिले.
मग म्हणाले, एक परिणाम मला ठाऊक आहे.
बंद केलीत त्या आठवड्यात हडपसरहून साडूंचा फोन,
काय हो, दुकान विकलंत की काय?
चालू करून टाका.
हे कुठल्या रकान्यात घालू
ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

माझा धाकटा भाऊ, अवधूत, चाकणला दुसऱ्या पाळीला जातो.
रोज दुपारी दीडला,
घरी असले तर दारातून, नाहीतर फोनवर,
मी म्हणते, हेल्मेट घाल.
तो हो म्हणतो. पुणेरी हो.
चार वर्षं झाली. जातो, परत येतो.
माझ्या म्हणण्याने येतो,
की नाशिक फाट्यावरचे ट्रकवाले भले आहेत म्हणून,
की तसाही आलाच असता,
हे कळायची पद्धत सोपी आहे, मीच लोकांना विकते:
काही दिवस गप्प राहायचं, कुठले ते नाण्याने ठरवायचं,
आणि मोजत जायचं.

नाणं अजून पर्समध्येच आहे.
दीड वाजला.
हेल्मेट घाल, म्हटलं.