खुंट

खंडेनवमीला बाबांच्या सिकेटरला झेंडू वाहिला,
हळदीचं बोट लावलं,
आणि दसऱ्याच्या सकाळी तिची स्प्रिंग तुटली.
छत्तीस वर्षं कॅम्पातल्या बंगल्यांवर
तिनं लोकांचे गुलाब छाटले.
लाल मुठीवरचा रंग उडालेला,
बाबांची बोटं बसायची तेवढ्याच जागी.

शनिवारी बाजाराची गर्दी, म्हणून शुक्रवारीच गेले
खडेबाजारात, हंजींच्या दुकानात.
पाटी कन्नड, उधारीची वही मराठी,
आणि मोजमाप सगळं इंचात.
पिशवीत पेरूच्या काटक्या नेलेल्या,
एक वाळकी, बाकी ओल्या.
कात्री काय नुसत्या डोळ्यांनी घ्यायची असते?

पहिलीला पातं एकच, खाली सपाट पट्टी.
ओल्या काटकीवर दाबली
तर साल चेचली, पाणी सुटलं.
ही वाळक्याला, इरण्णा हंजी म्हणाले,
हिरव्याला नको.
दुसरीची पाती एकमेकींच्या अंगाला अंग लावून
न अडता पुढं जाणारी,
काप काकडीसारखा.
पण मुठी एवढ्या फाकतात
की माझी करंगळी हवेतच.
तिसरीची स्प्रिंग इतकी ताठ,
दिवसाला दोनशे छाट मारले
तर रात्री भाकरी कोण थापणार?

चौथी हातात बसली.
खटका तेवढा पलीकडे,
अंगठ्याला सापडेना.
मी हात बदलला. परत बदलला.
हंजी चष्म्यावरून बघत होते.
“एडगै?”
होय, डावरी.
“मग अक्का, ह्या सगळ्या उजव्याच्या.
तुमच्या हातात आकडा येतोय खोडाकडं
आणि पातं बाहेर.
खुंट राहतोय की नाही?”

खुंट.
दहाव्या वर्षापासून ऐकत आलेला शब्द.
खुंट ठेवलीस बघ परत.
खुंट वाळतोय, मग खाली उतरतोय,
जाताना फांदी घेऊन जातोय.
लक्ष कुठं असतंय तुझं?

लक्ष तिथंच होतं, बाबा.
दर छाटाला मी श्वास धरायची.

“सिगंगिल्री,” हंजी म्हणाले,
आणि मिळत नाही म्हणून सांगून झाल्यावर
स्वतःच शिडीवर चढले.
कड्या, कोयंडे, नळाच्या तोट्या बाजूला सारून
मागनं एक खोका काढला.
कुणा मेजरच्या बायकोनं मागवलेली,
बदली झाली, न्यायला कोणी आलं नाही.
किंमत जुनीच लावली, साडेसहाशे,
आणि पावती लिहायला पेन घेतलं
डाव्या हातात.
मी काही बोलले नाही. तेही नाहीत.
शेवटची काटकी कापली,
आवाज जवळजवळ आलाच नाही.

घरी, कंग्राळीत,
नळाजवळच्या गुलाबाचं एक आडवं फुटलेलं
मुळापासून काढलं.
बाबा खुर्ची ओढत आले.
कापावरून अंगठा फिरवला,
एकदा वरून, एकदा खालून.
कुठं अडला नाही.
“आण बघू.”
उजव्या हातात घेतली.
हात थरथरतो हल्ली, तो थांबेपर्यंत थांबले,
एक फांदी निवडली,
आणि छाटली छत्तीस वर्षांच्या सवयीनं.

बोटभर खुंट राहिला.

ते त्याच्याकडं बघत बसले.
आईनं चहाला हाक मारली, दोनदा.
खुर्चीच्या पायाशी पडलेल्या फांदीवर
मुंगी चढली, उतरली.
मग कात्री माझ्या डाव्या हातात ठेवत म्हणाले,
“धार कमी वाटतीया हिला.”

“होय की,” मी म्हटलं,
आणि ते आत गेल्यावर
खुंट काढला.