दुसरा टाका

अवसरे आले ते ओठ मिटूनच.
सोन्या मारुती चौकातून माझा जिना चढायचा,
त्यांचं दुकान बोहरी आळीच्या तोंडाशी.
बाहेर पाटी: ब्लाउज एका दिवसात मिळणार नाही.

"कधीपासून?"
"मागच्याच्या मागच्या दिवाळीला मोहरी होती.
मग मिरं. आता वाटाणा."
आणि छताकडे बघत,
"तंबाखू मी कधी खाल्ली नाही."

हा प्रश्न नव्हता. तरी मी आरसा फिरवत
उत्तर शोधत राहिले.
वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये, हिरडीवर,
गुलाबी, घट्ट, देठ असलेली गाठ.
दाबली तर दुखेना, रक्तही नाही.
एक्स-रेत हाड जिथल्या तिथं.
दाताच्या कडेला मात्र बारीक खाच,
कुणी रोज थोडी थोडी कानस चालवल्यासारखी.

"तोंडात काय धरता?"
टाचण्या.
एकतीस वर्षं, त्याच फटीत.

साधीच असेल बहुतेक, मी म्हटलं.
पण बहुतेक म्हणजे कापडावरची खडूची रेघ,
कात्री लागेपर्यंत काही खरं नाही.
काढायची, आणि तपासायला पाठवायची.

भूल दिली. देठासकट काढली, मुळाशी खरवडलं,
दातांवरचा कीटण उतरवला
(राहिला तर पुन्हा येते ती,
उसवलेलं त्याच जागी उसवतं तशी),
दोन टाके घातले.
फॉर्मलिनच्या बाटलीत ती तळाशी जाऊन बसली,
तुटलेल्या बटणासारखी.
अवसऱ्यांनी आरसा मागितला, बराच वेळ पाहिलं.
"दुसरा टाका जरा लांब पडलाय."

आठव्या दिवशी रिपोर्ट घेऊन मीच जिना उतरले.
तंतुमय वाढ. घातक काही नाही.
त्यांनी वाचला, उलटा केला,
कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला, शिवण बघतात तसा.
मशीनचा पाय मात्र
ते खुर्चीवर बसल्यापासून हलला नव्हता.

आता टाचण्या मनगटावरच्या उशीत.
गिऱ्हाइकं सांगतात, अवसरे म्हातारपणी बोलायला लागले;
इतकी वर्षं वाटायचं, माणूस तुसडा.
सहा महिन्यांनी तपासणीला आले,
हिरडी स्वच्छ, सपाट.
माझ्या एप्रनचा खांदा उतरतोय, हे सांगितलं,
मग जावयाचं, मग अस्तराच्या भावाचं.
बोलता बोलता उजवा हात ओठांपर्यंत गेला,
चिमटीत काहीच नव्हतं,
आणि तिथंच
थोडा वेळ थांबला.