चारशे वीस ग्रॅम

गॅस फुल केलाय, अंबडचा माणूस म्हणाला होता,
आता वर्षभर बघायचं काम नाही.
अठराशे घेतले. पावती नाही.
तिसऱ्या दिवशी, द्वारकेच्या सिग्नलला,
मागच्या सीटवरच्या खोक्यात
गुलाब खाली बसले.

क्रीमचे सोळा गुलाब,
पाथर्डी फाट्याच्या ईश्वरीला
त्या संध्याकाळी सोळा पूर्ण होणार होती.
गाडी पळते तोवर गार येतं.
थांबली की जाळीतून येतो
कुणीतरी आधीच सोडलेला श्वास.
ऑर्डरच्या वहीने मी खोक्याला वारा घातला.
शेजारचा रिक्षावाला बघत राहिला,
आत बाळ आहे की काय म्हणून.

सारडा सर्कलच्या मागे जुबेर मणियारचं दुकान:
अर्धं शटर, एक ताडपत्री,
टायरवर बसलेला भावड्या.
मी म्हटलं, कमी पडला असेल, अजून थोडा भरा.
तो काही बोलला नाही.
दोन नळ्या लावल्या, एक निळी, एक लाल,
आणि काटे बघत उभा राहिला,
जसं कुणी भिंतीपलीकडचं भांडण ऐकतं,
मान थोडी वाकडी, मत न देता.

"कमी नाही, ताई. जास्त झालाय."
जास्त कसा? पैसे मोजलेत मी.
"म्हणूनच."

भावड्याने पुढच्या जाळीवर बाटलीभर पाणी मारलं.
लाल काटा उतरला.
पाणी सुकलं, काटा परत चढला.
"बघा, हिचा घाम पुसायला कुणी नाही."
पंखा फिरत होता, पण अर्ध्या मनाने,
आणि जाळीच्या दातांत
सिन्नरच्या रस्त्याची धूळ, चिलटं,
कापसाची एक सबंध म्हातारी.

मग गॅस परत काढला, यंत्रात, वजनावर.
सहाशे पाच ग्रॅम.
बोनेटखाली एक चिकटपट्टी आहे,
आठ वर्षांत मी न वाचलेली.
तिच्यावर लिहिलंय: चारशे वीस.
मी हसले. तोही.
"आकडा कंपनीचा आहे, ताई. माझा नाही."

माझ्या ओट्यावर वजनकाटा आहे,
वेलदोड्याचे दाणेसुद्धा मी त्यावर ठेवते.
पहिल्या वर्षी नव्हता.
केक फुगायचे, ओव्हनच्या काचेआड रुबाबात,
आणि बाहेर काढला की मधोमध खड्डा.
सासूबाई विचारायच्या, जीव लावून केलंस ना?
जीव लावूनच केलं होतं.
चमचाभर जास्त.

गॅसला पाणी व्हायला जागा लागते, जुबेर म्हणाला,
ठासून भरला की नुसता तापतो.
एवढंच बोलला, आणि पंख्याकडे वळला.
त्याचा एक वेग मेला होता.
भावड्या सायकल काढून भद्रकालीत गेला,
सुटा भाग घेऊन आला, आणि दोन वडापाव.
एक मला. नको म्हणता आलं नाही.

पर्समधला चॉकलेटचा थर्मामीटर
मीच काढून जाळीत खोचला.
भावड्या मोठ्याने वाचत होता:
बावीस. सतरा. सतरा. अकरा.
नऊ.
नऊवर थांबला.
आठ होईल का? मी विचारलं.
"बाहेर एकेचाळीस आहे," जुबेर म्हणाला,
हात पुसत, माझ्याकडे न बघता,
"नऊ पुष्कळ झाले."
कॉम्प्रेसरचा आवाज मात्र त्याला आवडला नव्हता.
त्याबद्दल पुढच्या उन्हाळ्यात बोलू, म्हणाला.

ईश्वरीच्या आईने तेव्हा निम्मेच पैसे दिले होते.
पोरगी मात्र बोटाने क्रीम चाटत म्हणाली,
हे गुलाब झोपलेत का?

द्वारका. लाल दिवा. अठ्ठ्याण्णव सेकंद.
गुडघ्यांवर गार हवा येत होती, सलग.
मागच्या सीटवर आज काहीच नव्हतं.
तरी एकदा वळून पाहिलं.